हॉल्टर परीक्षण : वैद्य व औषध विक्रेते यांच्यासाठी काही विचार

हृदय हे त्रिमर्मांपैकी एक. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात वाताचे ८० नानात्मज विकार सांगताना हृन्मोह व हृद्द्रव यांची गणना केली आहे. छातीत धडधडते, ठोका चुकल्यासारखा वाटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, अशा तक्रारी घेऊन येणारे रुग्ण आपणा सर्वांस परिचित आहेत. अडचण एवढीच की तक्रार रात्री उद्भवते आणि रुग्ण सकाळी येतो तेव्हा नाडी समगती असते. नेहमीच्या ईसीजीत जेमतेम दहा सेकंदांची नोंद होते. मिनिटास ७० ठोके धरल्यास हृदय २४ तासांत एक लाखाहून अधिक वेळा स्पंदन पावते. त्यांपैकी दहा-बारा ठोके पाहून 'काही नाही' असे म्हणणे धाडसाचे होय.

ही उणीव हॉल्टर यंत्र भरून काढते. अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन हॉल्टर यांचे आरंभीचे यंत्र सुमारे ३८ किलो वजनाचे असून पाठीवर वाहावे लागे. १९६१ साली 'सायन्स' नियतकालिकात त्यांनी या पद्धतीवर लेख प्रसिद्ध केला. आज हे यंत्र तळहातात मावते. छातीवर चिकट इलेक्ट्रोड लावून २४ ते ४८ तास अखंड नोंद घेतली जाते. छातीस चिकटवावयाच्या काही पट्ट्या १४ दिवसांपर्यंत नोंद घेतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले हातात मावणारे टेली-ईसीजी यंत्र दुर्गम भागात उपयुक्त आहे. तथापि ते त्या क्षणाचीच नोंद घेते, अखंड नव्हे.

कोणास पाठवावे?

अकारण मूर्च्छा, वारंवार धडधड, नाडीची अनियमितता, तसेच पक्षाघातानंतर हृदयगतीतील दोषाचा शोध, ही प्रमुख कारणे होत. येथे नाडीपरीक्षणाचे मोल कमी होत नाही, उलट वाढते. थांबत-थांबत चालणारी नाडी शार्ङ्गधरसंहितेने प्राणघातक मानली आहे. आज आपणास ठाऊक आहे की असा खंड अकाली ठोक्यामुळे येतो तेव्हा तो बहुधा निरुपद्रवी असतो. हृदयातील विद्युत्वहन अडल्याने येतो तेव्हा जीवघेणा ठरू शकतो. बोटांना हा भेद निश्चित कळत नाही, नोंदीत तो दिसतो. म्हणून नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी आणि त्याच वेळी स्टेथोस्कोपने हृदयाचे ठोकेही मोजवावेत. दोहोंत तफावत आढळल्यास विलंब न करता हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे. छातीत चालू वेदना, घाम किंवा नुकतीच आलेली मूर्च्छा असल्यास मात्र हॉल्टरची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

रुग्णास द्यावयाच्या सूचना

उदाहरणादाखल दौंड तालुक्यातील भांडगावचा एखादा ऊस उत्पादक डोळ्यांसमोर आणू. यंत्र लावले म्हणून तो दिवसभर खाटेवर पडून राहिला, तर परीक्षण व्यर्थ. रात्री वीज आल्यावर दारे धरताना धडधड होत असेल, तर त्या रात्री त्याने दारे धरावयासच हवीत. फक्त सोबतीस कोणी असावे. त्यास पुढील गोष्टी समजावून सांगाव्यात.

१. यंत्र लावण्यापूर्वी स्नान करावे. त्या दिवशी अभ्यंग, स्वेदन, लेप वा बाम पूर्ण वर्ज्य. तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोड टिकत नाहीत.
२. यंत्र काढेपर्यंत स्नान करू नये. उन्हाळ्यात घामाने इलेक्ट्रोड सुटल्यास केंद्रास कळवावे.
३. मोबाईल यंत्राजवळच्या खिशात ठेवू नये.
४. वेळेसह टिपण ठेवावे : श्रम, जेवण, चहा, तंबाखू, झोप, औषध आणि मुख्यतः त्रास. लिहिता येत नसल्यास घरातील शाळकरी मुलाने लिहावे. त्रास होताच यंत्रावरील कळ दाबावी.
५. यंत्र केवळ नोंद घेते, शरीरात वीज सोडत नाही, हे सांगून भीती दूर करावी.

औषधांची माहिती

या विषयात आपली जबाबदारी सर्वांत मोठी आहे. वत्सनाभातील अ‍ॅकोनिटीन हृदयपेशींतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते. त्यामुळे शोधन अपुरे असल्यास वा मात्रा अधिक झाल्यास घातक गतिदोष उत्पन्न होतात. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव यांसारखे वत्सनाभयुक्त कल्प अनेक घरांत 'तापाच्या गोळ्या' म्हणून घेतले जातात. सोमलतेतील एफेड्रिन हृदयगती वाढवते. यष्टिमधूच्या दीर्घ व अधिक सेवनाने रक्तातील पोटॅशियम घटते. मूत्रल औषधे वा डिगॉक्सिन चालू असलेल्यास ते विशेष धोक्याचे. रुग्ण ही औषधे हृद्रोगतज्ज्ञास सांगत नाही. मग नोंदीतील दोष मूळ हृद्रोगाचा समजला जाऊ शकतो. यास्तव चालू कल्पांची नावे, मात्रा व काळ लिहिलेली चिठ्ठी रुग्णासोबत द्यावी. औषध परस्पर बंद करू नये, परीक्षण सांगणाऱ्या तज्ज्ञाशी बोलावे. मात्र विषलक्षणांची शंका येताच औषध थांबवून रुग्णालयात पाठवावे. औषध विक्रेत्यांनी ध्यानी घ्यावे की औषधे नियम, १९४५ यांच्या 'ई-१' परिशिष्टात वत्सनाभाचा समावेश आहे. अशा कल्पाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सावधगिरीची सूचना आवश्यक असते. ती सूचना ग्राहकास वाचून दाखवावी.

अहवालाचा अर्थ

त्रास झाला व त्याच क्षणी गतिदोष दिसला, तर कारण सापडले. त्रास झाला पण नोंद स्वाभाविक, तर कारण अन्यत्र शोधावे. त्रास झालाच नाही, तर स्वाभाविक अहवाल निर्दोषत्वाचा पुरावा ठरत नाही. महिन्यातून एकदा येणारी मूर्च्छा २४ तासांत पकडली जाण्याची शक्यता अल्पच. तेथे दीर्घकालीन नोंदीचा आग्रह धरावा. त्रास नसतानाही गंभीर दोष आढळू शकतो. जागेपणी तीन सेकंदांहून दीर्घ विराम दिसल्यास तज्ज्ञाचे मत तातडीने घ्यावे. याउलट कष्टकरी माणसाची झोपेतील मंद गती अथवा तुरळक अकाली ठोके पाहून रुग्णास घाबरवू नये.

सारांश, कोणास पाठवावे हे नाडी सांगते आणि काय घडले हे यंत्र सांगते. या दोहोंच्या मधली रुग्णाची दिनचर्या आणि त्याच्या पोटात जाणारी औषधे वैद्याइतकी क्वचितच कोणास ठाऊक असतात. ती माहिती तज्ज्ञापर्यंत पोचविणे, हे आपले कर्तव्य होय.