बिल कुणीही भरो, वाचा तुम्हीच

कॅलिफोर्नियात कामावर दुखापत झाली की उपचाराचा खर्च मालकाची विमा कंपनी उचलते. कामगाराला एक डॉलरही द्यावा लागत नाही. पण ज्याच्या खिशाला चाट बसत नाही तो बिलही बघत नाही. लबाड डॉक्टरांचं फावतं ते इथंच.

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला एका गोदामात खोकी उचलताना माझ्या कमरेत उसण भरली. पार्किंगमध्ये एकानं कार्ड पुढं केलं: डॉक्टर फुकट, वकील फुकट. त्या दवाखान्यात डॉक्टर डोकावून जायचे, मदतनीस कंबर शेकून घरी पाठवायचा. हजेरीच्या कागदावर मात्र पुढच्या तारखांच्या सह्या आजच हव्या असायच्या. मी नाही म्हटल्यावर काउंटरवरची बाई म्हणाली, "तुमच्या खिशातून जातंय का काही?"

पुढं विमा कंपनीत दावा हाताळणाऱ्या अॅडजस्टरनं खात्री करायला फोन केला. मी कामावर होतो त्या दिवसांचे व्यायामोपचार, कधीच न झालेली नसांची तपासणी, न मागितलेली मलमं, सगळं माझ्या नावावर लावलेलं!

हे प्रकरण शेकण्यावरच थांबतं असं नाही. लाँग बीचच्या पॅसिफिक हॉस्पिटलचा मालक मायकेल ड्रोबोट मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरांना पैसे चारायचा. आपल्याकडची कट प्रॅक्टिसच ती. त्या घोटाळ्यातली बिलं ५० कोटी डॉलरच्या वर गेली. २०१८ मध्ये त्याला ६३ महिन्यांची कैद झाली. तिथं कामगारांच्या पाठीचाच सौदा होत होता.

म्हणून, इथं राबणाऱ्या आपल्या माणसांना सांगणं एवढंच:

दुखापत लगेच लेखी कळवा. मालकानं कामकाजाच्या एका दिवसात 'डीडब्ल्यूसी-१' हा दाव्याचा अर्ज द्यायला हवा. तो भरून दिलात की दावा मंजूर व्हायच्या आधीही १०,००० डॉलरपर्यंत उपचार मिळतात. कार्डवाल्याच्या मागं जायचं कारण नाही.

कोऱ्या कागदावर किंवा पुढच्या तारखेवर सही करू नका. कधी गेलात, कुणी तपासलं, काय केलं, हे स्वतःच्या वहीत लिहा. अॅडजस्टरकडून उपचारांची यादी लेखी मागवा आणि वहीशी ताडून पाहा. तफावत दिसली तर राज्याच्या विमा खात्याकडं तक्रार करा.

अशा घोटाळ्यात शिक्षा झालेल्या डॉक्टरांना २०१७ पासून कामगार भरपाईच्या यंत्रणेतून निलंबित करतात; त्यांची यादी सर्वांना पाहता येते. कामगार भरपाई विभागाच्या कार्यालयांतले माहिती व साहाय्य अधिकारी फुकट सल्ला देतात.

"दुखणं वाढवून सांगा," असं डॉक्टर म्हणाला तर तिथून उठा. भरपाईसाठी जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्या कामगारालाही ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि तुमच्या नावावर एकदा खोट्या नोंदी चढल्या, की तुमच्या खऱ्या दुखण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. नुकसान विमा कंपनीचं आहे, असं समजून गप्प बसू नका.