संगणकीय अहवालातील आलेखांचे समास

कामथडी हे भोर तालुक्यातील, पुणे-सातारा रस्त्यावरचे गाव. या गावासह भोर व वेल्हे भागातील पंधरा गावांच्या विहिरींच्या पाणीपातळीचा अहवाल तयार करावयाचा आहे, असे समजू. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत मोजते. अशा नोंदींचे आलेख आज आज्ञावलीच्या साहाय्याने काढता येतात. नोंदी बदलल्या की आज्ञावली पुन्हा चालवावी, सारा अहवाल नव्याने तयार होतो. परंतु छापील प्रत ग्रामसभेपुढे आली आणि तीत ‘कामथडी’ऐवजी नुसते ‘थडी’ उरले असेल, किंवा गावाचे नावच नसेल, तर ग्रामस्थांनी काय समजावे? आपले गाव मोजणीतून वगळले, असाच त्याचा अर्थ घेतला जाईल. समासाचा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही तो यामुळे.

या कामासाठी ‘आर’ ही संगणकभाषा पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० नंतरच्या दशकात ती घडविली. मजकूर, आकडेमोड व आलेख एकाच धारिकेत लिहून त्यांतून अहवाल सिद्ध करणारे ‘निटर’ हे तिचे जोडसाधन यीहुई श्ये यांचे असून ते २०१२ पासून प्रचारात आले.

‘आर’मध्ये समास चार आकड्यांनी सांगितला जातो. प्रथम खालचा, मग डावा, वरचा व शेवटी उजवा, असा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे त्यांचा क्रम असतो. काही न सांगितल्यास हे आकडे अनुक्रमे ५.१, ४.१, ४.१ व २.१ धरले जातात. हे माप इंचांचे नसून मजकुराच्या ओळींचे आहे, ही गोष्ट नवशिक्याच्या ध्यानात सहसा येत नाही. नेहमीच्या बारा पॉइंट अक्षरांत एक ओळ म्हणजे ०.२ इंच, तेव्हा डावा समास अवघा ०.८२ इंचाचा होतो. सात इंच रुंद व पाच इंच उंच चित्रातून चारही समास वजा केले असता प्रत्यक्ष आलेखास ५.७६ गुणिले ३.१६ इंच एवढी जागा मिळते.

आडव्या स्तंभालेखात गावांची नावे डावीकडे आडवी लिहिली, तर लांब नाव ०.८२ इंचात मावत नाही व त्याची सुरुवातीची अक्षरे चित्राबाहेर जातात. डावा आकडा ४.१ ऐवजी ८ केल्यास समास १.६ इंचाचा होतो आणि आलेखासाठी जवळजवळ पाच इंच रुंदी शिल्लक राहते. येथे एक अडचण उद्भवते. अक्षाचे शीर्षक पूर्वीप्रमाणे तिसऱ्या ओळीवरच राहते आणि गावांच्या नावांवर छापले जाते. ते मूळ आज्ञेतून काढून समासात मजकूर लिहिण्याच्या वेगळ्या आज्ञेने सहाव्या किंवा सातव्या ओळीवर लिहावे.

उभ्या स्तंभालेखात दोष अधिक फसवा असतो. खालच्या अक्षावरील आडवी नावे एकमेकांना भिडू लागली की ‘आर’ त्यांतील काही नावे गाळते, आणि तेही कोणतीही सूचना न देता. स्तंभ दिसतो, नाव दिसत नाही. नावे अक्षाशी काटकोनात लिहून खालचा समास वाढविणे हा एक उपाय आहे. मात्र गावे पंधरा असतील तर आडवा स्तंभालेखच बरा. मान वाकडी करून वाचावा लागणारा आलेख कोणी वाचत नाही.

समास बरोबर लिहूनही पुढच्या आलेखात तो पूर्ववत होतो, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. ‘निटर’ आज्ञांच्या प्रत्येक खंडाचे आलेख नव्या चित्रफलकावर काढते, त्यामुळे पहिल्या खंडातील समास तिसऱ्या खंडापर्यंत पोहोचत नाही. समासाची आज्ञा आलेखाच्याच खंडात लिहावी. आलेख पुष्कळ असतील तर प्रत्येक खंडापूर्वी आपोआप चालणारी छोटी आज्ञा एकदाच नोंदवून ठेवावी. ‘निटर’मध्ये तशी सोय आहे.

आलेखाभोवती रिकामी जागा फार राहणे हा उलट प्रकार. पीडीएफ चित्राची कोरी कड कापण्याचे साधन ‘निटर’ वापरू शकते. ते साधन ज्या संगणकावर बसविलेले नाही तेथे कड कापली जात नाही, म्हणून एकाच अहवालाच्या दोन कार्यालयांतील प्रती वेगळ्या दिसू शकतात. समासाअभावी तुटलेली अक्षरे मात्र या कापणीने परत मिळत नाहीत.

नावे देवनागरीत असतील तर आणखी एक दक्षता घ्यावी. ‘आर’चे साधे पीडीएफ साधन देवनागरीसाठी उपयोगी नाही, ‘वेल्हे’, ‘कापूरव्होळ’ यांतील जोडाक्षरे नीट जुळविणारे साधन निवडावे लागते. साधन व टंक बदलला की शब्दांची रुंदी बदलते. रोमन अक्षरांवर बेतलेला समास त्यामुळे देवनागरीला पुरेलच असे नाही. अंतिम टंक ठरल्यावर, त्याच साधनावर सर्वांत लांब नावाची रुंदी इंचांत मोजून समास ठरवावा. नंतर एक प्रत प्रत्यक्ष कागदावर छापावी आणि तक्त्यातील गावे व आलेखावरील नावे बोट ठेवून मोजावीत. तक्त्यात पंधरा आणि आलेखावर चौदा भरली, तर ती प्रत ग्रामसभेकडे पाठवू नये.