सहलीत बोट असेल तर जॅकेट कोणतं? फोमचं की हवेने फुगणारं?



सहलीचे दिवस आले की मुलांची एक मागणी ठरलेली असते, "बाई, बोटीत बसायचं!" त्या वेळी मला १८ जानेवारी २०२४ हा दिवस आठवतो. वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. म्हणून आज जॅकेटचा हा पाठ आपणच आधी शिकूया.

मागे एका पालकांनी विचारलं, "मॅडम, ऑनलाइन ते पातळ, फुगणारं जॅकेट मिळतं. मुलासाठी तेच घेऊ का?" चांगला प्रश्न आहे. उत्तर द्यायला आपण आधी एक प्रयोग करू.

प्रयोग: संत्रं आणि बादली

बादलीभर पाण्यात सालीसकट संत्रं टाका. ते तरंगतं. आता तेच संत्रं सोलून टाका. बुडतं! मुलं चकित होतात, कारण साल काढल्यावर वजन तर कमी झालं. मग बुडलं कसं? सालीत हवेचे बारीक बारीक कप्पे असतात. साल गेली की हवा गेली, आणि संत्रं त्याच्या आकाराच्या मानाने जड झालं.

फोमचं जॅकेट म्हणजे संत्र्याची साल. त्यातली हवा कायम आत असते. कुणी काही केलं नाही तरी ते तरंगवतं.

फुगणारं जॅकेट कसं चालतं?

हे जॅकेट म्हणजे घडी घातलेला रिकामा फुगा. सोबत कार्बन डायऑक्साइड वायूचं छोटं सिलिंडर असतं. काही प्रकारांत आपण दोरी ओढायची, मग सुई सिलिंडरला भोक पाडते आणि फुगा भरतो. आपोआप फुगणाऱ्या प्रकारांत बहुतेक वेळा पाण्यात विरघळणारी एक गोळी असते. ती विरघळली की स्प्रिंग सुटते आणि पुढचं काम होतं. शिवाय तोंडाने हवा भरायची नळी असते.

आता विचार करा. फुगेपर्यंत हे जॅकेट जवळजवळ काहीच आधार देत नाही. पाण्यात पडून घाबरलेलं आठ वर्षांचं मूल दोरी शोधून ओढेल का? आपोआप फुगणारं घेतलं तरी गोळी जुनी झालेली असू शकते, सिलिंडर आधी वापरलेलं किंवा सैल असू शकतं. छप्पर असलेली बोट उलटली तर फुगलेलं जॅकेट माणसाला छताला आतून दाबून धरू शकतं, हाही धोका आहे. म्हणून अशी बहुतेक जॅकेट १६ वर्षांवरच्यांसाठीच असतात. तसं लेबलवर लिहिलेलं असतं, ते वाचा.

माझं उत्तर स्पष्ट आहे: मुलांना आणि पोहता न येणाऱ्या मोठ्यांना फोमचंच जॅकेट. पोहता येणाऱ्या आणि नेहमी बोटीवर जाणाऱ्या मोठ्या माणसाला फुगणारं सोयीचं पडतं. ते हलकं असतं, उकडत नाही, म्हणून दिवसभर अंगात राहतं.

मोठ्यांनी फुगणारं घेताना

१. आकडा बघा. तरंगवण्याची ताकद न्यूटनमध्ये लिहितात. १० न्यूटन म्हणजे साधारण १ किलोचा आधार. मोठ्यांच्या मापात ५० न्यूटनचं जॅकेट काठाजवळ पोहणाऱ्यासाठी, १०० शांत पाण्यासाठी, १५० खुल्या समुद्रासाठी.
२. सिलिंडर हाताने घट्ट आवळलेलं आहे का, त्याला भोक नाही ना, गोळीची मुदत संपली नाही ना, हे दर वेळी बघा.
३. वर्षातून एकदा तोंडाने फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडलं तर ते वापरू नका.
४. एकदा फुगलं की नवं सिलिंडर आणि गोळी घातल्याशिवाय ते पुन्हा कामाचं नाही.
५. रेनकोटच्या आत घालू नका. फुगायला जागा मिळत नाही.

मुलांचं फोमचं जॅकेट तपासताना

• माप वयावर नाही, वजनावर. आत किती किलोसाठी ते छापलेलं असतं. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मोठं घेऊ नका. हा गणवेश नाही!
• सगळी बकलं लावून खांद्याजवळ धरून वर ओढा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे.
• लहान मुलांना मानेमागे कॉलर आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच.
• फाटलेलं, दाबून चपटं झालेलं, बकल तुटलेलं जॅकेट परत करा.
• हातात घालायचे फुगे आणि रबरी रिंग ही खेळणी आहेत, लाइफ जॅकेट नव्हे.

शेवटी आपल्यासाठी

एका सहलीत बोटवाले दादा मला म्हणाले होते, "बाई, कशाला? दहा मिनिटांचं तर पाणी आहे." जॅकेटं बाकाखाली रचून ठेवलेली. मुलांसमोर वाद नको म्हणून मी क्षणभर गप्प बसले होते, याची आजही लाज वाटते. मग सगळ्यांना उतरवलं, एकेकाला जॅकेट घातलं. पाच जॅकेटं कमी पडली, म्हणून दोन फेऱ्या केल्या. अर्धा तास उशीर झाला, एवढंच.

तेव्हा सहलीच्या आधी फोन करून विचारा: मुलांच्या मापाची जॅकेटं किती आहेत? पालकहो, संमतिपत्रावर सही करताना हाच प्रश्न आम्हाला विचारा. आम्हाला राग येणार नाही. आणि जॅकेट आधी आपण घालूया, कारण मुलं आपलं ऐकण्यापेक्षा आपल्याकडे बघून जास्त शिकतात.

घरचा अभ्यास: संत्र्याचा प्रयोग मुलांसोबत करा आणि विचारा, "आपल्या अंगाला अशी साल कुठली?"