कोयनेचा भूकंप आणि भेगेतले पाणी

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. सव्वाचार वाजून गेले होते. सातारा जिल्ह्यातील कोयनानगर भागात लोक गाढ झोपेत होते. एकाएकी जमीन हादरली. दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे १८० माणसे दगावली. हजारो लोक उघड्यावर आले.

तेथे कोयना नदीवर १०३ मीटर उंचीचे धरण आहे. १९६२ च्या सुमारास त्यात पाणी साठू लागले. मग बारीक धक्के जाणवू लागले. पुढे हा मोठा धक्का बसला. धरणाच्या पाण्याने जमीन कशी हलते, असे लोक आम्हांला विचारतात. ते आज पाहू.

जमिनीखाली खोल खडक असतो. तो अखंड नसतो. त्यात लांबलचक भेगा असतात. ज्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकतात, तिला भ्रंश म्हणतात. पृथ्वीच्या पोटातला जोर या बाजूंना सारखा रेटत असतो. पण खडकाचा भार त्यांना घट्ट दाबून धरतो. म्हणून त्या एरवी सरकत नाहीत.

शाळेत आम्ही पोत्याचा दाखला देत असू. ज्वारीचे भरलेले पोते एकट्याने ढकलून बघा. हलत नाही. दुसऱ्या गड्याने खाली पहार घालून ते जरासे उचलले, की तेच पोते सरकते. ढकलणाऱ्याचा जोर तेवढाच. जमिनीची पकड तेवढी सैल झाली.

भेगेतले पाणी त्या दुसऱ्या गड्याचे काम करते. धरण भरले की खालच्या भेगांतल्या पाण्याचा दाब वाढतो. हा दाब हळूहळू खोलवर पोचतो आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना अलग रेटतो. पकड सुटते. खडक सरकतो. जमीन हादरते.

खरा जोर जमिनीचाच असतो. म्हणून प्रत्येक धरणापाशी भूकंप होत नाही. जेथे खडक आधीच ताणलेला असतो, तेथे होतो.

कोयना भागात अजून लहान धक्के बसतात. २०१७ साली शास्त्रज्ञांनी तेथे ३ किलोमीटर खोल भोक पाडून खडक तपासला. तरीही भूकंप कोणत्या दिवशी होईल, हे आज कोणालाच सांगता येत नाही. घर मजबूत बांधणे मात्र आपल्या हाती आहे. नुसत्या दगडमातीच्या जाड भिंती घालू नका. चारी भिंतींना बांधून ठेवणारा सलग काँक्रीटचा पट्टा दाराखिडक्यांच्या वर घाला.

सांगा पाहू :
१. भ्रंश कशाला म्हणतात?
२. पोत्याच्या दाखल्यातली पहार म्हणजे काय?
३. तुमच्या घराच्या भिंती कशाने बांधल्या आहेत?