छावणीतील शाळा

कोल्हापूरनजीक वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात पोलंडमधील निर्वासितांची वसाहत होती, हे जिल्ह्यातील बहुतेक शिक्षकांस ठाऊक असेलच. त्या वसाहतीतील शाळेकडे मात्र शिक्षकाच्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते.

वसाहतीत सुमारे 5,000 माणसे होती व त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. 1939 मध्ये सोव्हिएत सैन्याने पोलंडचा पूर्वभाग व्यापला आणि पुढील दोन वर्षांत अशा असंख्य कुटुंबांची सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपारी झाली. 1941 च्या करारानंतर त्यांची सुटका झाली व इराणमार्गे त्यांपैकी काहीजण हिंदुस्थानात पोहोचले. वाटेत उपासमारीने आणि रोगराईने अनेक मुले पोरकी झाली. अशा मुलांसाठी वसाहतीत बालवर्गापासून माध्यमिक वर्गांपर्यंत शाळा भरू लागल्या, त्याही पोलिश भाषेतून. जोडीला बालवीर पथके होती, गायन होते, नाट्यप्रयोग होते. स्वदेशी परतल्यावर शिक्षणाचे पाहू, असे म्हणून कोणी थांबले नाही. थांबले असते तर मोठीच हानी झाली असती. कारण 1945 च्या याल्टा परिषदेनंतर त्यांची गावे पोलंडच्या हद्दीतच राहिली नाहीत. पुढे कित्येक कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांत विखुरली.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. घर, गाव आणि आप्त गमावलेल्या मुलाला उद्या काय होणार हे सांगता येत नाही. परंतु उद्या अमुक वेळी घंटा होईल, त्याच बाई येतील आणि कालची गोष्ट पुढे सांगतील, एवढे त्याला निश्चित सांगता येते. म्हणून छावणीतील शाळा तासभरच का होईना, पण दररोज ठरल्या वेळी भरावी. शिक्षक वारंवार बदलू नयेत. आरंभीचे पाठ मुलाच्या मातृभाषेतून व्हावेत. परक्या भाषेची घाई केल्यास आधीच अबोल झालेले मूल अधिकच मिटून जाते.

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांत आपल्याच जिल्ह्यातील शाळांच्या इमारतींत पूरग्रस्तांची तात्पुरती निवारा-केंद्रे उघडावी लागली. निर्वासितांच्या दीर्घ वनवासाशी त्याची तुलना होऊ शकत नाही. तथापि मुलांच्या मनाची अवस्था काही अंशी सारखीच असते. मूल वर्गात पेंगते, उगाच भांडते, मोठे असूनही अंथरूण ओले करते. अशा वेळी शिक्षा करू नये व चारचौघांत उल्लेखही करू नये. “तुझ्या घराचे काय झाले ते सांग” असे उभे करून विचारणे, मग ते पाहुण्यांसमोर असो वा निबंधाच्या निमित्ताने, सर्वथा टाळावे. आग्रहाने आठवण वदवून घेतल्याने दुःख हलके होते, हा समज खरा नाही. मूल आपणहून बोलू लागले तर हातातील काम बाजूला ठेवून ऐकावे. एरवी त्याला खडू वाटणे, पाण्याचा माठ भरणे, धाकट्यांना खेळविणे अशी कामे सोपवावीत. कडेवर भावंड घेऊन येणाऱ्या मुलीला भावंडासह बसू द्यावे. ती परत गेली तर उद्या येईलच असे नाही.

दोन-तीन वर्षे शाळेला मुकलेल्या बारा वर्षांच्या मुलास पहिलीच्या बाकावर बसविणे हा त्याचा अपमान होय. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानेही वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेला भाग भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण असा मार्ग घालून दिला आहे. वयाचा पुरावा नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही, एवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही.

असे असले तरी छावणीतील शिक्षणाची लेखी नोंद हवीच. बांगलादेशातील कॉक्स बाझार येथे 2017 साली 7 लाखांहून अधिक रोहिंग्या आले. तेथील शिक्षणकेंद्रांत मुले वर्षानुवर्षे जात राहिली. परंतु म्यानमारचा अभ्यासक्रम तेथे प्रायोगिक स्वरूपात सुरू होण्यास 2021 साल उजाडले. तोवरचे त्यांचे शिकणे कोणत्याही देशाच्या इयत्तेत बसत नव्हते. हे ध्यानात घेऊन, छावणी उठण्यापूर्वी मुलाची भाषा, वाचनाची व गणिताची पातळी आणि हजेरीचे दिवस एका कागदावर शाईने लिहून, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी त्याच्या पालकांकडे द्यावेत. पालक नसल्यास ज्यांच्याबरोबर मूल जात असेल त्यांच्याकडे द्यावेत व एक प्रत शाळेत ठेवावी.