श्रावणात रंधा मारू नकोस

भंडारा,
श्रावण

चि. बापूस,


तुझ्या आईचा फोन आला होता. नाकाडोंगरीत तू स्वतःचं काम सुरू केलंस आणि लोक जुनी टेबलं, कपाटं घेऊन यायला लागले, हे ऐकून बरं वाटलं. बहुतेकांची तक्रार एकच असते म्हणे: खण वाजतो, ओढताना किंचाळतो, मध्येच अडतो. हे काम तुला बारीक वाटतं, असंही तिच्या बोलण्यातून जाणवलं. मला ते बारीक वाटत नाही. घरातल्या लाकडी सामानात सगळ्यात जास्त वेळा हात लागतो तो खणाला. औषधं त्यात, जमिनीचे कागद त्यात, लेकरांच्या वह्या त्यात. रात्री बाळाचं औषध काढताना खण कर्कश वाजला आणि झोपलेलं बाळ उठलं, तर त्या घरच्या बाईला सुतार आठवतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक सांगतो, ते माझ्याखातर पाळ. पावसाळ्यात अडलेल्या खणाला रंधा लावू नकोस. गिऱ्हाईक घाई करेल, 'एक हात मारून द्या' म्हणेल. तरी नाही.

कारण आपल्याकडचं हवामान. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, हवा इतकी कोरडी होते की दाराच्या फळ्यांत फटी पडतात. दोन महिन्यांत त्याच घरात भिंतींना ओल येते. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं, कापून पन्नास वर्षं झाली तरी. पण सगळ्या अंगांनी सारखं फुगत नाही. रेषांच्या लांबीत ते जवळपास हलतच नाही, जे हलतं ते रुंदीत. साग त्यातल्या त्यात शांत लाकूड, तरी ओला साग पूर्ण कोरडा होईपर्यंत चपट्या कापाची फळी रुंदीत पाच ते सहा टक्के आकसते. गाभ्याकडून सालीकडे उभ्या कापाची असेल तर त्याच्या निम्मीच. आता हिशेब कर. खणाच्या बाजूची फळी वीतभर उंच, चपट्या कापाची. मे ते ऑगस्ट तिच्यात दीड-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. तेवढीच फट कारागिराने वर ठेवलेली असते, आणि ती श्रावणात भरून जाते.

यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. खणाच्या दर्शनी फळीच्या रेषा आडव्या जातात, बाजूच्या फळ्यांच्या मागेपुढे. म्हणजे खण पावसाळ्यात उंचीला वाढतो, रुंदीला जवळजवळ नाही. तो वरच्या पट्टीला घासत असेल तर ते पावसाचं काम, कार्तिकानंतर आपोआप सुटेल. तो डाव्या-उजव्या बाजूला घासत असेल तर पावसाला दोष देऊ नकोस. तिथे टेबल तिरकं बसलंय, सांधा सुटलाय किंवा पट्टी हललीय. एवढं एक ओळखता आलं की निम्मं काम झालं.

श्रावणात तासलेला खण मे महिन्यात इतका सैल होतो की पंखा लागला तरी खडखडतो, आणि मग तोच माणूस दुसरी तक्रार घेऊन येतो. काढलेला भुसा परत लावता येत नाही.

मग आत्ता काय करायचं? खण पूर्ण बाहेर काढ, रिकामा कर, सावलीत वारं लागेल असा चार-पाच दिवस उभा ठेव. उन्हात नको, एका अंगाने तापून फळी वाकते. तोवर टेबलाकडे बघ. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी लाव, मग दुसऱ्या तिरक्या अंगाने लाव. दोन्ही मापं सारखी नसतील तर चौकट सरकलेली आहे. जुन्या घरांत जमीन कुठे सपाट असते? एका पायाखाली पातळ पाचर सरकवली की कित्येक खण त्याच क्षणी गप्प होतात. हे लोकांच्या घरी जाऊन बघावं लागतं. टेबल तुझ्या दुकानात आणलं की दोष घरीच राहतो.

घासण्याची जागा डोळ्यांनी शोधू नकोस, खडूने शोध. खालच्या पट्टीवर, म्हणजे रनरवर, आणि बाजूंना खडू फासायचा, खण दोन-तीनदा आतबाहेर करायचा. जिथला खडू पुसला गेला तिथेच घास आहे. बहुतेक वेळा ती जागा बोटभरच निघते, आणि नवशिका सुतार सगळी फळी तासून मोकळा होतो.

आवाज का येतो हेही समजून घे. लाकूड लाकडावर सलग सरकत नाही. ते क्षणभर चिकटतं, जोर वाढला की सुटतं, पुन्हा चिकटतं. हे इतक्या झपाट्याने होतं की त्याचा सूर निघतो. सारंगीच्या तारेवर गज ओढल्यावर हेच घडतं. वादक गजाला राळ लावतो ती पकड वाढावी म्हणून. आपल्याला पकड सोडवायची, म्हणून मेण. मेणबत्ती चालते, पण मधाच्या पोळ्याचं शुद्ध मेण मिळालं तर तेच घे. ते ६२ अंशांच्या पुढे वितळतं, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात मऊ पडलं तरी वाहत नाही. आधी काचकागदाने जुना मळ काढ, भुकटी फडक्याने पूस, मग फक्त घासणाऱ्या कडांवर मेण दाबून फिरव. कोरड्या साबणाची वडीही लोक घासतात. उन्हाळ्यात ठीक आहे, पण साबण ओल धरतो, म्हणून पावसाळ्यात मी सुचवत नाही.

तेलाच्या बाबतीत मात्र लोकांचं ऐकू नकोस. आपल्याकडे धानाच्या बांधीत उतेऱ्याला, म्हणजे उभ्या धानातच, जवस पेरतात, त्यामुळे जवसाचं तेल पुष्कळ घरांत असतं आणि हात तिकडेच जातो. पण ते हवेत सुकून घट्ट पापुद्रा धरतं. लाकडाच्या वरच्या अंगाला तो गुण चांगला, सरकत्या अंगाला डिंकासारखा चिकट. खोबरेल तेल २४-२५ अंशांखाली गोठायला लागतं. आपल्या थंडीत ते बाटलीतून निघत नाही, तर पट्टीवर काय करेल? शिवाय कोणतंही तेल उघडं लाकूड शोषून घेतं आणि वरची धूळ चिखल होऊन बसते.

जुन्या टेबलांत आणखी एक दुखणं असतं, ते झीज. वर्षानुवर्षं सरकून बाजूच्या फळीची खालची कड घासते आणि रनरच्या पुढच्या टोकाला खळगा पडतो. खण पुढून खाली बसतो, ओढताना दर्शनी फळी चौकटीवर खरडते. इथे मेण कितीही लाव, उपयोग नाही. गेलेलं लाकूड परत द्यावं लागतं. झिजलेली कड सरळ रेषेत तास, तिथे सागाची पातळ पट्टी सरसाने किंवा फेविकॉलने चिकटव, रात्रभर दाबात ठेव. रनर काढता येत असेल तर उलटा करून बसव, न झिजलेलं अंग वर येईल. बांबूची पट्टीही मला आवडते. सालीकडचं अंग वर ठेवून बसवली की कठीण आणि गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. बुरडाकडून सरळ कांडी निवडून आण. सागाच्या पट्टीसाठी मात्र जंगलाकडे बघायचं नाही. नाकाडोंगरी वनपरिक्षेत्राचं गाव आहे, तिथे सुताराचं नाव पावतीनेच राहतं. तुकडा लहान असला तरी पावतीच्या मालातला वापर.

तळाची फळी मधोमध लोंबली असेल तर ती खालच्या आडव्या पट्टीला घासते. तळ काढून उलटा घाल किंवा मधून एक दांडी दे. तो खाचेत मोकळा राहू दे, फक्त मागच्या बाजूला खिळा मार. चारही बाजूंनी चिकटवलास तर पहिल्या उन्हाळ्यात फाटेल.

नव्या घरांत प्लायवुडचे खण आणि लोखंडी चॅनेल असतात. तिथे ही सगळी विद्या निम्मी गैरलागू. चॅनेल वाजतं ते गोळ्यांमध्ये भुसा आणि धूळ शिरल्याने, किंवा दोन्ही चॅनेल एका पातळीत नसल्याने. कापड थोड्या रॉकेलमध्ये भिजवून पुसून घे, वाळू दे, मग पातळ ग्रीसचा नुसता हात फिरव. तरी वाजलं तर स्क्रू सैल करून पातळी बघ.

मार्गशीर्ष-पौषात हवा मध्यम कोरडी असते, तेव्हा खण पुन्हा तपास. वर तेव्हाही घासत असेल तर खुशाल रंधा लाव, पातळ, आणि कडेपासून मध्याकडे, म्हणजे टोकाचा चिरा उडणार नाही. त्यानंतर बाजूंच्या फळ्यांना आतून-बाहेरून चपडा लाख आणि स्पिरिटचं पॉलिश पातळ दे. जुने कारागीर खणाचं आतलं अंग कोरंच सोडायचे, आणि पाणी तिथूनच आत शिरतं. पॉलिशने ते थांबत नाही, पण मंदावतं. सरकणाऱ्या कडांना पॉलिश लावू नकोस, लाख उन्हाळ्यात चिकटते. तिथे मेणच.

या कामाचे पैसे घे, पण आत्ता पाचर आणि मेण लावल्याचे थोडे आणि हिवाळ्यात रंधा मारल्याचे वेगळे. गिऱ्हाईकाला आजच स्पष्ट सांग की वर घासतंय ते पावसाचं आहे, चार महिने थांबा. पहिल्या वर्षी काही जण रुसून दुसरीकडे जातील. जाऊ दे. वहीत मात्र लिहून ठेव: कुणाचं टेबल, कोणत्या महिन्यात आणलं, कुठे घासत होतं, काय केलं. दोन पावसाळे गेले की ती वही तुला माझ्यापेक्षा जास्त शिकवेल. दिवाळीला येशील तेव्हा ती सोबत आण, आपण दोघं मिळून वाचू.

तुझ्या आईला आणि बाबाला माझा नमस्कार सांग. माझा काटकोन तपासायचा गुण्या तुझ्याकडे राहिला आहे, तो तूच वापर, पण महिन्यातून एकदा तपासून घेत जा.

तुझे,
मोठेबाबा