गुरांच्या कातडीवरील संकट

भंडारा जिल्हा हा तळ्यांचा आणि धानाचा प्रदेश. पावसाळा आला की वैनगंगेच्या खोऱ्यातील बांध्या पाण्याने भरतात, चिखलणी होते आणि रोवणीची लगबग सुरू होते. पोळ्याच्या दिवशी येथे बैलाची पूजा होते, ती उगीच नव्हे. परंतु ज्या पाण्यावर धान पोसते, त्याच पाण्याकाठी डास व माश्याही वाढतात आणि त्यांच्याबरोबर गुरांचा एक रोग गोठ्यात शिरतो. त्याचे नाव लम्पी चर्मरोग.

हा रोग विषाणूमुळे होतो. १९२९ साली आफ्रिकेतील आजच्या झांबिया देशात तो प्रथम आढळला. भारतात २०१९ साली ओडिशात त्याची नोंद झाली. पुढच्याच वर्षी तो विदर्भात पोहोचला. २०२२ साली महाराष्ट्रात त्याची मोठी साथ आली. तेव्हा गुरांचे बाजार व शर्यती शासनाला बंद ठेवाव्या लागल्या.

रोगी जनावरास प्रथम ताप भरतो. डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहते. ते वैरणीला तोंड लावीत नाही. मग अंगावर सुपारीएवढ्या टणक गाठी उठतात. पाय सुजतात, दूध आटते. गाभण गाय कधी गाभडते. शुश्रूषा मिळाल्यास बहुतेक जनावरे बरी होतात. पण अशक्त वासरे दगावतात.

जनावर बरे झाले तरी त्याची कातडी पूर्ववत होत नाही. असे का? कातडीचा वरचा थर पातळ असतो. खालचा जाड आणि तंतूंनी घट्ट विणलेला असतो. चामडे होते ते या खालच्या थराचे. ही गाठ दोन्ही थरांत खोल रुजते. तिचा मधला भाग मरतो व गळून पडतो. तेथे खड्डा पडतो आणि पुढे व्रण राहतो. कसरीने खाल्लेली घोंगडी कितीही धुतली तरी तिची भोके बुजत नाहीत. त्याचप्रमाणे चर्मकाराने कितीही कौशल्याने कमावले तरी त्या कातड्यावरील व्रण जात नाहीत.

वाळलेल्या खपलीतही हा विषाणू महिनाभर जिवंत राहू शकतो. म्हणून या रोगाने मेलेल्या जनावराचे कातडे काढू नये. त्याला खोल खड्ड्यात पुरावे. रोगी जनावर वेगळे बांधावे, गोठा कोरडा ठेवावा, गोचिडांचा व माश्यांचा नाश करावा. लोक काय म्हणतील या भीतीने रोग लपवू नये. तत्काळ पशुवैद्यास कळवावे. हा रोग माणसास होत नाही.

खरा उपाय मात्र लस हाच. हा विषाणू देवीच्या विषाणूच्या कुळातील आहे. १७९६ साली एडवर्ड जेन्नरने गाईच्या सौम्य देवीपासून माणसाच्या देवीवर लस शोधली आणि १९८० साली देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. २०२२ च्या साथीत आपल्या गुरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली. गाईने माणसाला एकदा वाचविले आहे. वेळेवर लस टोचून घेऊन ते ऋण फेडणे आता आपल्या हाती आहे.

अभ्यास
१. लम्पी चर्मरोगाची लक्षणे सांगा.
२. बऱ्या झालेल्या जनावराच्या कातडीवर व्रण का राहतात?
३. ‘गाईने माणसाला एकदा वाचविले आहे,’ असे लेखकाने का म्हटले आहे?
४. तुमच्या गावातील गोठा पाहा व तो कोरडा ठेवण्याचे उपाय लिहा.